पहारा नव्हे, सोबत

(गुरुकुंज मोझरी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला बोलण्यासाठी जो विषय देण्यात आला आहे, तो ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. ज्या अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे, ज्या जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांची नावे कुपोषणाच्या संदर्भात वर्षानुवर्षे ऐकू येत आहेत, तेथे अंगाने जाड असलेल्या मुलांची चिंता वाहावी, हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटते. मलाही तसेच वाटले होते. परंतु शाळेच्या पटावरील मुलांकडे डोळे उघडून पाहिले म्हणजे हे दोन प्रश्न परस्परांचे वैरी नसून सख्खी भावंडे आहेत, असे ध्यानात येते. किंबहुना पुष्कळदा ती एकाच घरात, एकाच ताटापाशी बसलेली आढळतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. २०१५-१६ च्या पाहणीत देशातील पाच वर्षांखालील बालकांपैकी २.१ टक्के बालकांचे वजन प्रमाणाबाहेर अधिक होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ३.४ टक्के झाले. याच दुसऱ्या पाहणीत ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. म्हणजे उपासमारीची छाया अजून सरलेली नाही आणि दुसरी छाया पडू लागली आहे. साऱ्या जगाचा विचार केला, तर युनिसेफच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे ५ ते १९ या वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा प्रथमच अधिक झाले आहे. हा रोग केवळ श्रीमंतांचा किंवा शहरांचा, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. पाच रुपयांची तळलेली खारी पुडी आणि दहा रुपयांचा क्रीमचा बिस्किटपुडा आज तिवसा तालुक्यातील लहानशा गावातही मिळतो. मात्र त्याच गावात पेरू अथवा केळे रोज मिळेलच, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

प्रारंभीच मी आपणांस माझीच एक चूक सांगणार आहे. दुसऱ्याच्या चुकांवर भाषण करणे सोपे असते; परंतु त्याचा उपयोग थोडा होतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात चौथीत एक मुलगा होता. अंगाने स्थूल, स्वभावाने अतिशय गोड. त्याची थोरली बहीण त्याच शाळेत सातवीत होती. स्नेहसंमेलनासाठी आम्ही एक लहानसे नाटक बसविले आणि त्यातील खादाड माणसाची भूमिका मी त्या मुलाला दिली. मला वाटले, मुलगा रंगमंचावर येईल, त्याची भीड चेपेल. प्रयोगाच्या दिवशी गाव खदखदून हसले. टाळ्याही पुष्कळ मिळाल्या. मी समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही. नाटकातील त्या पात्राचे नाव गावातील पोरांनी त्याला कायमचे चिकटविले होते. ते नाव मी दिले होते, बंधुभगिनींनो, शिक्षकाने दिले होते.

चौथ्या दिवशी त्याची बहीण एकटीच माझ्याकडे आली. तिची तक्रार माझ्याविरुद्ध नव्हती. ती स्वतःविरुद्ध होती. भावाला लोक हसतात, म्हणून त्याला बारीक करण्याचा तिने आपल्या परीने विडा उचलला होता. ती त्याच्या ताटातली भाकर काढून घेई, डबा उंच फळीवर ठेवी, दुकानाच्या वाटेवर त्याला अडवी आणि ऐकले नाही म्हणजे पोरांनी ठेवलेल्या त्याच नावाने हाक मारी. ती म्हणाली, "सर, तो आता माह्यापासून चोरून खाते. माह्याशी बोलतही नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आले, की या घरात दोन मुले दुःखी आहेत, एक नव्हे.

आपल्या खेड्यांतील घरांची रचना आपणांस ठाऊक आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडील दोघेही दिवस उगवताच शेतावर जातात. मागे राहते ती थोरली मुलगी. धाकट्याला उठवणे, नहाणे, जेवू घालणे, शाळेत आणणे हे सारे तिच्याकडे येते. ती आई नसून आईचे काम करते. अशा मुलीला आपण जर सांगितले, की "तुझा भाऊ फार जाड झाला आहे, त्याच्याकडे लक्ष दे," तर तिच्या डोक्यावर आणखी एक ओझे आपण ठेवतो. ते ओझे तिला पेलत नाही, म्हणून ती पहारेकरी बनते. आणि पहारेकरी दिसला म्हणजे चोर तयार होतो. लपवून खाण्याची सवय ही भुकेपेक्षा वाईट. कारण भूक पोट भरल्यावर थांबते, लपवून खाणे मात्र तसे थांबत नाही.

यास्तव माझे आजचे सांगणे एवढेच आहे. धाकट्या भावंडाच्या सवयी बदलावयाच्या असतील, तर मोठ्या भावंडाने पहारा न करता सोबत करावी. आणि जो बदल करावयाचा तो त्या एका मुलासाठी वेगळा न करता साऱ्या घरासाठी करावा. बाकीचे सर्व या दोन गोष्टींतून निघते.

ही सोबत प्रत्यक्षात कशी करावी, ते आता पाहू.

पहिली गोष्ट ताटाची. त्या घरी मी गेलो तेव्हा आजीने मला विचारले, "गुरुजी, लेकरू खात्यापित्या घरचं दिसते, त्याले कायले नावं ठेवता जी?" आजीचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्या पिढीने दुष्काळ पाहिला, तिला भरलेले अंग हा आशीर्वादच वाटणार. मी तिला एवढेच विचारले, की नात एवढी बारीक का? तेव्हा ती गप्प झाली. मुलगी फिकट होती, पायऱ्या चढताना तिला दम लागत असे. देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी असल्याचे २०१९-२१ च्या त्याच पाहणीत दिसले आहे. आणि ही उणीव त्या वयाच्या पुष्कळ आधी सुरू होते. आता पाहा. जाड भावाला काय हवे? पुड्या आणि गोड पेय कमी, वरण, उसळ, पालेभाजी आणि फळ अधिक. फिकट बहिणीला काय हवे? तेच वरण, तीच उसळ, तीच पालेभाजी, तेच फळ. दोघांचे पथ्य एकच आहे. एकाला उपाशी ठेवावयाचे आणि दुसरीला खाऊ घालावयाचे, असा दुजाभाव करण्याची गरजच नाही.

वऱ्हाडच्या स्वयंपाकघरात हे अन्न परके नाही. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, हिवाळ्यात तुरीच्या शेंगा उकडून, हरभऱ्याचे घाटे, बोरे, पेरू, आणि आपल्या जिल्ह्याचे संत्रे. एक संत्रे सोलून खाल्ले म्हणजे त्याच्या चोथ्याने पोट भरते. त्याचा रस गाळून साखर घालून प्यायला म्हणजे केवळ गोडी उरते. हे दोघा भावंडांना समजावून सांगता येते. त्या घरात आम्ही तीन साधे नेम ठरविले. ताटात प्रथम वरण आणि भाजी यावी, भाकर मागून. मुलाने आपले आपण वाढून घ्यावे. हवे असल्यास पुन्हा मागावे, पण आजीने आग्रह करू नये. आणि जेवताना मोबाइल व दूरदर्शन बंद असावे. कारण डोळे पडद्यावर असले म्हणजे पोट भरल्याचे कळत नाही. हे नेम बहिणीलाही होते, वडिलांनाही होते. नेम सर्वांना लागू झाला म्हणजे तो शिक्षा राहत नाही, घरची रीत होते.

दुसरी गोष्ट पैशाची. शेतावर जाण्यापूर्वी आई त्या मुलाच्या हातावर रोज दहा रुपये ठेवी. दिवसभर मुलाजवळ राहता येत नाही, याची ती भरपाई होती. ते दहा रुपये म्हणजे आईची माया होती. ते बंद करा, असे सांगणारा मी कोण? मग बहीणभावांनी मिळून ठरविले, की आठवड्यातील दोन दिवसांचे पैसे दुकानात जावेत आणि उरलेल्या चार दिवसांचे एका डब्यात पडावेत. कशासाठी, ते भावाने ठरविले. घरात वडिलांची जुनी सायकल भिंतीला टेकून पडली होती. तिला टायर-ट्यूब हवी होती. जे पैसे पोटात जाऊन बसवून ठेवीत, तेच पैसे त्याला पायडलावर घेऊन गेले. बहीणही त्याच सायकलीवर शिकली. मागची बैठक धरून धावण्याचे काम भावाने केले.

तिसरी गोष्ट साखरेची, आणि ही वर्गात शिकविण्याजोगी आहे. रंगीत गोड पेयांत सामान्यतः १०० मिलिलिटरमागे सुमारे १० ग्रॅम साखर असते. म्हणजे २०० मिलिलिटरच्या लहान बाटलीत सुमारे २० ग्रॅम, चहाचे चार-पाच चमचे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी सुमारे १७०० उष्मांक लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की वरून घातलेल्या साखरेतून एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक मिळावेत, आणि पाच टक्क्यांखाली आले तर अधिक चांगले. एक ग्रॅम साखरेत चार उष्मांक. आता हे गणित फळ्यावर मांडा. पाच टक्के म्हणजे ८५ उष्मांक, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम साखर. एका लहान बाटलीत दिवसाचा वाटा संपला! चौथी-पाचवीच्या मुलांना हे शेकडेवारीचे गणित उत्तम येते, आणि पुडीवरील बारीक अक्षरे वाचण्याची गोडी लागते. हे गणित जाड मुलाकडे बोट दाखवून मात्र शिकवू नका. ते सर्व वर्गाचे गणित आहे. बारीक मुलाचे दातही त्याच साखरेने किडतात.

चौथी गोष्ट हालचालीची आणि झोपेची. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने दररोज सरासरी तासभर तरी अंग हलेल, दम लागेल असे काही करावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घराबाहेर पडणे धोक्याचे असते. म्हणून त्या दिवसांत पहाट आणि संध्याकाळ हाताशी धरावी. ही दोघे भावंडे संध्याकाळी शेळी घेऊन बांधावर जाऊ लागली. कोणी त्याला व्यायाम म्हटले नाही, म्हणून तो टिकला. झोपेचेही तसेच. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोप लागते. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणारे मूल सकाळी न खाता शाळेत येते आणि दुपारी अधिक खाते. पहाटे उठण्याचा उपदेश करण्यापूर्वी लवकर निजण्याची व्यवस्था करावी लागते.

आता शिक्षक म्हणून आपले कर्तव्य काय, याकडे वळू.

आपल्या जिल्ह्याला खेळाची मोठी परंपरा आहे. अमरावतीस १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. बिनखर्चाचे आपले खेळ जगापुढे मांडणाऱ्या जिल्ह्यात आज शाळेच्या पटांगणावर काय घडते? खो-खोत, लंगडीत सर्वांत आधी जाड मूल बाद होते आणि उरलेला तास कडेला बसून राहते. ज्याला हालचालीची सर्वांत अधिक गरज, तोच सर्वांत अधिक वेळ बसतो! हा खेळाचा दोष नाही; आपल्या योजनेचा आहे. शालेय तासापुरता एवढाच बदल करा, की बाद झालेल्या मुलाने पटांगणाला एक फेरी चालत मारावी आणि पुन्हा खेळात यावे. कर्णधारांना गडी निवडू देऊ नका. शेवटी उरणाऱ्या मुलाची मान किती खाली जाते, ते आपण पाहिलेच असेल. चिठ्ठ्या टाका अथवा हजेरीच्या क्रमांकाने गट पाडा.

वजन-उंची मोजताना एकेका मुलाला वेगळे बोलवा आणि आकडा मोठ्याने वाचू नका. केवळ डोळ्यांनी पाहून कोणास लठ्ठ ठरवू नका. मुलांत वय, मुलगा-मुलगी, उंची आणि वजन यांचा एकत्र विचार करावा लागतो व ते काम आरोग्य कर्मचाऱ्यांचे आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्याची योजना आहे; त्या पथकास अशा मुलांविषयी खासगीत सांगावे. रात्री मोठ्याने घोरणे, थोडे चालताच धाप लागणे, मानेची कातडी काळी व जाड होणे, फार तहान लागून वारंवार लघवीस जाणे, गुडघे दुखणे, यांपैकी काही आढळल्यास वार्षिक तपासणीची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवावा. वाढत्या वयाच्या मुलाला उपास घडवू नये. बहुतेक मुलांच्या बाबतीत वजन उतरविण्याची घाई नसते. उंची वाढत असते, वजन आहे तेथे थोपले तरी अंग आपोआप प्रमाणात येऊ लागते.

शाळेच्या दाराशी असलेल्या दुकानाविषयीही बोलले पाहिजे. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिशय चरबी, मीठ वा साखर असलेले पदार्थ मुलांना विकण्यास मनाई आहे. नियमाचा कागद दाखवून दुकानदाराशी भांडण उकरावे, असे मी सुचवीत नाही. तोही आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याचा बाप असतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीस त्याला बोलवा. फुटाणे, शेंगदाणे, बोरे, पेरू ठेवण्यास सांगा आणि मुले ते घेतील याची व्यवस्था आपण वर्गात करा. आणि एक विनंती. वाढदिवसाला, निकालाला, झेंडावंदनाला आपण स्वतः मुलांच्या हाती काय ठेवतो, याचाही विचार व्हावा.

सर्वांत शेवटी, आणि सर्वांत आधीही, टोपणनावे बंद करा. हे काम कोणत्याही योजनेत येत नाही, त्याला अनुदान लागत नाही, आणि ते आपल्यावाचून दुसरा कोणी करू शकत नाही. वर्गातील एका मुलाला त्याच्या शरीरावरून नाव पडले, की त्याच्या सवयी सुधारण्याचा मार्ग तेथेच खुंटतो. ज्या मुलाला पटांगणाची लाज वाटते, ते मूल घरात बसते. घरात बसले म्हणजे खाते. खाल्ले म्हणजे आणखी लाजते. हे चक्र फोडण्याची जागा ताटापाशी नाही, आपल्या वर्गात आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. मी त्याच्या घरी जाऊन सर्वांसमक्ष त्याची क्षमा मागितली. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागणे आपल्याकडे रूढ नाही. पण मला दुसरा उपाय दिसला नाही. तो शाळेत आला. एका वर्षाने तो सडपातळ झाला, असे मी सांगणार नाही, झाला नव्हता. उंची वाढली होती, वजन जवळजवळ तेथेच राहिले होते. धाप लागणे थांबले होते. बहिणीच्या चेहऱ्यावर थोडी लाली आली होती. आणि एके सकाळी शाळेच्या फाटकातून एक सायकल आत आली. चालवीत होती बहीण, मागे भाऊ धावत येत होता, आणि दोघेही कशावरून तरी मोठमोठ्याने भांडत होते. पूर्वी ती त्याला रागे भरे आणि तो मान खाली घाली. आता तो उलट उत्तर देत होता. माझ्या दृष्टीने वजनाच्या आकड्यापेक्षा ही प्रगती मोठी होती.

आपण ज्या भूमीवर बसलो आहोत, तेथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये आश्रम स्थापिला आणि प्रार्थनेसारखी एकांतातील गोष्टही सामुदायिक केली. जे एकट्याला जड जाते, ते चारचौघांत बसून सोपे होते, एवढा साधा अर्थ मी त्यातून घेतो. एखाद्या मुलाची सवय ही त्याची एकट्याची नसते. ती घराची असते, गल्लीची असते, शाळेची असते. तेव्हा ती सुधारण्याचा भारही त्याच्या एकट्यावर, अथवा त्याच्या अकरा-बारा वर्षांच्या बहिणीवर टाकून आपण मोकळे होऊ नये.

उद्या शाळेत गेल्यावर फार मोठे काही करू नका. कडेला बसलेले एक मूल शोधा. त्याला नावाने, त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा, आणि खेळात घ्या. मग त्याच्या घरी मोठे भावंड कोण आहे, याची चौकशी करा.